दारी विमान झुलावे काय?

पूर्वी दारी हत्ती झुलणे हे ऐश्वर्याचे लक्षण मानीत. पुढे तो मान घोडागाडीस आला, तिच्यामागून मोटारीस. आणि आता मोटार ज्याच्या त्याच्या दारी उभी राहिल्यामुळे तिचाही मान सरला. तेव्हा एखाद्या तरुणाच्या मनात एकदम विमानच यावे, यात नवल करण्यासारखे आम्हांस काही वाटत नाही. या महिन्याच्या टपालात कुपवाडहून आलेले एक पत्र मात्र आम्ही दोनदा वाचले, आणि या वेळचे सारे सदर त्यासच द्यावे असे ठरविले.

पत्र लिहिणाऱ्या बाई एका एकत्र कुटुंबातील थोरल्या सूनबाई असून घरचा जमाखर्च त्यांच्या हाती आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कुटुंबाची फौंड्री आणि तिला जोडून यंत्रशाळा आहे. दोघे भाऊ ती मिळून चालवितात. धाकट्या भावजींचा मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवून आला आहे, आणि १९७८ साली बांधलेले, चार आसनांचे, एका इंजिनाचे सेस्ना १७२ जातीचे एक विमान विकाऊ असल्याचे त्याने हुडकून काढले आहे. विमान देशातच नोंदलेले आहे. किंमत नव्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी सांगतात. पुतण्याचे म्हणणे असे की, यंत्र जुने खरे, परंतु इंजिन फार थोडे चाललेले आहे. कारखान्याच्या कामास ते उपयोगी पडेल, आणि शनिवार-रविवारी लोकांना वर फिरवून आणले म्हणजे खर्चही निघेल. मामंजींनी निकाल सूनबाईंवर सोपविला आहे. धाकट्या जाऊबाईंना या विषयाने रात्रीची झोप नाही. पत्रासोबत इंजिनाच्या नोंदवहीतील दोन पानांच्या नकला आहेत. घ्यावे की न घ्यावे, आणि न घ्यावे तर मुलाचे मन न मोडता ते सांगावे कसे, असे बाई विचारतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच घरात सापडेल. पहिल्याचे देण्याचा आम्ही यत्न करतो.

प्रथम ‘जुने’ या शब्दाचा निकाल लावू. मोटार वीस वर्षांची झाली म्हणजे आपण तिला म्हातारी समजतो. विमानाची गोष्ट निराळी आहे. सेस्ना १७२ हे विमान १९५६ सालापासून विकले जाऊ लागले, आणि आजवर त्याची ४४,००० हून अधिक नगे तयार झाली. दुसऱ्या कोणत्याही जातीच्या विमानाची इतकी झालेली नाहीत. परंतु १९८६ साली त्या अमेरिकन कारखान्याने ही लहान विमाने बांधणेच बंद केले. कारण असे की, एखादे विमान पडले म्हणजे ते कितीही वर्षांपूर्वी बांधलेले असो, दावा कारखानदारावर लागे, आणि या दाव्यांचा व विम्याचा बोजा विमानाच्या किमतीस झेपेना. १९९४ साली तेथे कायदा होऊन अठरा वर्षांहून जुन्या लहान विमानाबद्दल कारखानदारावर दावा लावण्यास आळा बसला, तेव्हा कोठे १९९६ पासून बांधणी पुन्हा सुरू झाली. मधली दहा वर्षे रिकामी गेली. यामुळे जगातील उड्डाणसंस्थांच्या मैदानांवर चाळीस-पन्नास वर्षांची विमाने रोज उडताना दिसतात. १९७८ हे साल वाचून कोणी दचकू नये. शिवाय या जातीची बांधणी आजही चालू असल्यामुळे सुटे भाग मिळतात, ही तिची मोठीच जमेची बाजू होय. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले आणि १९५८ साली प्रथम उडालेले ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान एके काळी देशभरच्या उड्डाणसंस्थांत होते. पण बांधणी एकदा थांबली की असल्या यंत्राच्या धन्यास दुसरे मोडके विमान शोधून त्याचे अवयव काढावे लागतात.

विमानाचे खरे वय वर्षांत नव्हे, तर उड्डाणाच्या तासांत आणि ते तास कसे गेले यांत मोजावयाचे असते. २०१८ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील डेटोना बीच येथे एका वैमानिकी विद्यापीठाच्या लहान विमानाचा एक पंख हवेतच सुटून पडला व आतील दोघेही ठार झाले. ते विमान २००७ सालचे, म्हणजे केवळ अकरा वर्षांचे होते. परंतु विद्यार्थ्यांच्या रोजच्या चढउतारांत त्याचे ७,६९० तास भरले होते, आणि पंखाच्या पोटातील मुख्य तुळईस, डोळ्यांना न दिसणारी, थकव्याची भेग पडलेली होती. विकणारा सांगतो ते साल ऐकून घ्यावे. तास मात्र स्वतः मोजावे, आणि ते शिकाऊ हातांखाली गेले की सरळ प्रवासात, हेही विचारावे.

आता याची उलट बाजू पाहू, कारण कुपवाडच्या पत्रातील मर्म तेथेच आहे. सोबतच्या पानांवरून दिसते की, या इंजिनाची पूर्ण दुरुस्ती होऊन १९ वर्षे झाली, आणि त्यानंतर ते अवघे ६४० तास चालले. सरासरी वर्षाला चौतीस तासही पडत नाहीत. त्यांतही मधल्या तीन वर्षांत एकही उड्डाण नाही. पुतण्या यास ‘कमी चाललेले’ म्हणतो, विकणाराही तसेच म्हणत असेल. आम्ही यास ‘फार उभे राहिलेले’ म्हणतो. या विमानातील लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरच्या अंगास बसविलेला असतो. इंजिन चालू असता तेथे तेल उडते. बंद झाले की ते ओघळून खाली जाते. महिनोन् महिने इंजिन फिरलेच नाही तर तो दांडा कोरडा पडतो, दमट हवेने त्यावर गंज धरतो, आणि पुढे कधी तरी इंजिन सुरू झाले म्हणजे तीच खरखर आपल्याखालच्या भागांना खाऊ लागते. १९७७ ते १९८० या सालांतील १७२ विमानांत ज्या जातीचे इंजिन येत असे, तिची तर ही खोड जगप्रसिद्ध आहे. म्हणून कारखान्याची शिफारस दोन प्रकारची असते : २,००० तास झाले की इंजिन पूर्ण उघडावे, आणि तास भरले नाहीत तरी बारा वर्षे झाली की उघडावे. या हिशेबाने ती मुदत उलटून सात वर्षे गेली. किंमत ठरविताना इंजिन नवे करण्याचा सारा खर्च तीतून वजा धरावयास हवा; मग चौथा हिस्सा कोठे जातो, ते बाईंनी पुन्हा मांडून पाहावे.

येथे कुपवाडच्या घरास एक मोह पडेल, तो आधीच सांगून ठेवतो. ज्या जिल्ह्यात १९१० सालापासून किर्लोस्करवाडीचे लोखंड वितळत आले, जेथील विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयास, बंगळूर येथे १९४० साली या देशातील पहिला विमानकारखाना काढणाऱ्या वालचंद हिराचंदांचे नाव आहे, त्या जिल्ह्यातील कारागिराच्या हातास विमानाचा एखादा कंस किंवा बुश ओतणे अवघड ते काय? मूळ भागाहून सरस करून देतील. परंतु विमानास तो चालत नाही. त्यावर बसणारा प्रत्येक भाग प्रमाणपत्रासह आला पाहिजे, आणि तो परवानाधारक अभियंत्याने बसवून त्याची नोंद केली पाहिजे. आपल्या लेथवर अर्ध्या तासात होणाऱ्या कामासाठी सातासमुद्रांपलीकडून भाग येईपर्यंत महिनाभर विमान उभे ठेवणे हे स्वतः कारखानदार असलेल्या माणसास फार जड जाते. ज्यांना ही शिस्त अन्यायाची वाटत असेल त्यांनी एवढेच आठवावे की, याच जातीच्या विमानांतील पुढील आसने ज्या रुळावर सरकतात त्यांची भोके झिजून उड्डाणाच्या वेळी आसन वैमानिकासह मागे घसरल्याचे अपघात झाले, आणि १९८७ साली त्या क्षुल्लक रुळांच्या तपासणीचा स्वतंत्र हुकूम काढावा लागला. भोक किती झिजले म्हणजे रूळ बदलावा, याचे मापही त्यात ठरलेले आहे.

कागदांचे माहात्म्य याहूनही मोठे आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीस आपल्या घराच्या गच्चीवर एका इंजिनाचे सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ साली मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि त्याची नोंदणी व्हावयास २०१७ साल उजाडले. जुन्या विमानात नोंदणीची ही यातायात नसली, तरी दरसाल उड्डाणयोग्यतेचे परीक्षण, पन्नास व शंभर तासांच्या तपासण्या, विमा, रेडिओचा परवाना आणि वैमानिकाच्या प्रकृतीचा दाखला ही पाचही प्रकरणे जागच्या जागी हवीत. त्यांतील एकाची मुदत टळली की विमान भुईवर. १९३४ चा विमानकायदा जाऊन त्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. तथापि लहान विमानाच्या धन्याच्या कपाटातील फायली त्यामुळे पातळ झालेल्या नाहीत.

खर्चाचे दोन भाग पडतात. एक उडण्याचा, दुसरा न उडण्याचा. उडण्याचा खर्च समजण्यास सोपा : हे इंजिन तासाला तीस-बत्तीस लिटर इंधन घेते. ते मोटारीचे पेट्रोल नव्हे. निळसर रंगाचे, शिसे घातलेले, खास विमानाचे पेट्रोल असते. २०२२ पर्यंत आपण ते परदेशांतून आणीत होतो. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार करण्यास प्रारंभ केला. तरीही ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, आणि पिंपे आणवून साठवावयाची तर त्याचेही नियम आहेत. १९३२ साली जे. आर. डी. टाटांच्या पहिल्या टपालविमानास अहमदाबादेस बैलगाडीवरून डब्यांत इंधन आणून घातले होते. लहान विमानाच्या धन्याची स्थिती आजही त्याहून फारशी निराळी नाही, एवढे लक्षात ठेवावे. वर्षाला शंभर तास उडावयाचे तर तीन हजारांवर लिटर लागतील.

न उडण्याचा खर्च हाच खरा संसार बुडविणारा. छपराखालची जागा, विमा, वार्षिक परीक्षण, अभियंत्याचे येणेजाणे, आणि इंजिनाच्या पुढील दुरुस्तीसाठी बाजूस टाकावयाची रक्कम, हे सारे विमान वर्षभर झाकून ठेवले तरी द्यावेच लागते. चौतीस तास उडणाऱ्याच्या माथी एका तासामागे हा भार शंभर तास उडणाऱ्याच्या तिप्पट बसतो. आणि नेमका खर्च जड वाटू लागला म्हणजेच माणूस उडणे कमी करतो. उडणे कमी केले की इंजिन गंजते. गंजले की खर्च वाढतो. त्या दोन पानांवरून पहिल्या धन्याची कथा आम्हांस अशीच दिसते.

लोकांना फिरवून खर्च काढण्याची कल्पना तर बाईंनी मनातून काढूनच टाकावी. खाजगी म्हणून नोंदलेल्या विमानातून भाडे घेऊन उतारू नेता येत नाहीत. त्यास निराळा परवाना, निराळी व्यवस्था आणि व्यावसायिक वैमानिक लागतो. खाजगी परवाना किमान चाळीस तासांच्या उड्डाणावर मिळतो, व्यावसायिक परवान्यास दोनशे तास हवेत. अपघात झाला आणि आत पैसे दिलेला उतारू निघाला, तर विमा कंपनी हात वर करील आणि प्रकरण फौंड्रीच्या दारापर्यंत येईल.

कारखान्याच्या कामास उपयोग होईल, हेही म्हणणे तपासून पाहू. विमान घेतले तरी ते कुपवाडास ठेवावयाचे कोठे? थोड्याच मैलांवर कवलापूरच्या माळावर जुनी धावपट्टी आहे खरी, पण ती बंद पडून बराच काळ लोटला. तेथे नवे विमानतळ व्हावे ही सांगलीकरांची मागणी वर्तमानपत्रांतून आपण वाचीत असतो. मागणीवर विमान उतरत नाही. मग जवळ राहिले कऱ्हाड, किंवा राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत १९३९ साली सुरू झालेले कोल्हापूरचे विमानतळ. म्हणजे आधी मोटारीने कोल्हापूर गाठावे, विमान बाहेर काढून तपासावे, इंधनाची वाट पाहावी, परवानगी घ्यावी, आणि तासाभरात पुण्यास जाऊन पुन्हा गावात शिरण्यास मोटार शोधावी. इतक्या वेळात घरून थेट मोटारीने निघालेला शेजारी पुण्यात जेवून आडवा झालेला असेल. शिवाय जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या कड्यांवर ढग उतरलेले असतात, आणि डोळ्यांनी भुई पाहून उडणाऱ्या वैमानिकास त्यांत शिरण्याची मुभा नाही. सोमवारी अकराच्या बैठकीस पोहोचलेच पाहिजे, अशी निकड असलेल्या माणसाने लहान विमानावर विसंबणे हे नुसते गैरसोयीचे नव्हे, धोक्याचे आहे; कारण त्या निकडीपायीच माणसे नको त्या हवेत निघतात.

येथे धाकट्या जाऊबाईंच्या झोपेचा विषय येतो, आणि त्यास बगल देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. इंजिन एकच आहे, ते बंद पडले तर काय, हीच सामान्यतः पहिली भीती असते. ती निराधार नसली, तरी वाटते तितकी मोठी नाही. या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असून त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. सारेच बंद पडले तरी विमान दगडासारखे कोसळत नाही. १७२ हे एक हजार मीटर उंचीवरून शांत हवेत सुमारे नऊ किलोमीटर तरंगत जाते. प्रश्न उतरावयाचे कोठे हा. मिरज-तासगावकडील द्राक्षबागांचे लोखंडी खांब व तारा, आणि कृष्णाकाठचा पुरुषभर उंच ऊस पाहता, त्या बाजूस सुगीनंतरचे मोकळे रान सापडेल अशा उंचीवरूनच उडण्याची सवय ठेवावी लागेल. उन्हाळ्याची दुपार हा दुसरा शत्रू. सांगली-कुपवाडचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. एप्रिलात अडतीस अंशांची उष्णता झाली की तेथील हवा विमानाच्या लेखी पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. धाव लांबते, चढ मंदावतो. आणि चार आसने आहेत म्हणून चार मोठी माणसे व भरलेली टाकी घेऊन निघालेला वैमानिक कुंपणापाशी गेल्यावर शहाणा होतो. पावसाळी दमट हवेत कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरून इंजिनाचा जोर कमी होतो, तोही बाहेर उकाडा असताना. गरम हवेची दांडी वेळीच ओढणे हा त्यावर उपाय. हे सर्व पुतण्यास शिकविलेले असेलच. घरच्यांनाही ठाऊक असावे, म्हणून लिहिले.

आकडा मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. अमेरिकेत, जेथे असली उड्डाणे सर्वांत अधिक होतात, तेथे उड्डाणाच्या एक लक्ष तासांमागे सुमारे एक प्राणघातक अपघात होतो. वर्षाला शंभर तास याप्रमाणे वीस वर्षे उडणाऱ्याचे दोन हजार तास होतात. म्हणजे अशा पन्नास जणांत एक. हा धोका मोटारीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. मात्र यांतील बहुतेक अपघात यंत्र जुने म्हणून होत नाहीत. ढगात शिरणे, इंधन संपू देणे, उतरताना वेग हरवणे ही त्यांची नेहमीची कारणे, आणि ती वैमानिकाच्या हातची आहेत. आईने मुलास विमानाचे वय विचारू नये. गेल्या महिन्यात तो किती तास उडाला आणि हवा वाईट म्हणून किती वेळा अर्ध्यातून परतला, हे विचारावे. परतण्याची लाज न वाटणारा मुलगा असेल तर तिने थोडे झोपावे.

इतके सांगून झाल्यावर वाचकांचा असा ग्रह होईल की आम्ही या छंदाचे शत्रू आहोत. तसे मुळीच नाही. जुने साधे विमान हे यंत्र म्हणून फार उत्तम गुरू आहे. त्यात लपविलेले असे थोडेच असते; झाकण उघडले की हवेने थंड होणारे चार सिलिंडर समोर दिसतात, तारा आणि चाके हाताने चाचपता येतात. चांगले राखलेले १७२ बाजारात सहसा पडून राहत नाही, म्हणून मुद्दल अगदीच बुडते असेही नाही. आणि छंदाने माणूस किती टिकतो याचे उदाहरण आपल्याच मुंबईत घडले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळविणाऱ्या टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूस टपाल आणले, ते एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ साली त्याच तारखेस, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच मार्ग पुन्हा एकट्याने आक्रमिला. या वेळचे लेपर्ड मॉथ विमान हेही १९३० नंतरच्या त्याच दशकातील घडणीचे, म्हणजे पन्नाशीच्या घरातले होते. म्हाताऱ्या विमानात म्हातारा वैमानिक, आणि दोघेही ठरलेल्या जागी सुखरूप उतरले. मात्र त्या विमानामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे जाणते कारागीर उभे होते, हे विसरून चालणार नाही.

पुराणातला दाखला हवा असेल तर मूळ पुष्पकाचा घ्यावा. ते कुबेराचे, रावणाने बळकाविले, आणि प्रभू रामचंद्रांनी लंकेहून अयोध्येस येण्यापुरते वापरून धन्याकडे परत पाठवून दिले. अयोध्येस ते छपराखाली ठेवण्याची व्यवस्था नव्हती असे नाही.

मग मालकी आणि भाडे यांच्यामध्ये काही आहे की नाही? आहे, आणि ते आपल्या देशावरच्या लोकांना कोणी शिकवावयास नको. चार भावांची पाळीची विहीर ज्याने पाहिली आहे त्यास सामाईक विमान समजण्यास अडचण पडणार नाही. चौघांनी मिळून एक विमान घ्यावे, प्रत्येकाने वर्षाला चाळीस तास उडावे. स्थिर खर्चाचे चार वाटे होतात, हा तर फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा असा की, एकशेसाठ तास चालणाऱ्या इंजिनास गंजावयास सवडच राहत नाही. एकट्या धन्याचे जुने विमान ज्या रोगाने मरते त्यावर सामाईक मालकी हेच औषध आहे. परंतु विहिरीवर जशा मारामाऱ्या होतात, तशा येथेही होतील, म्हणून कागद आधी करावा. दर तासामागे इंजिनाच्या दुरुस्तीनिधीत किती टाकावयाचे; नादुरुस्ती आढळली तर कोणाही एकाने ‘नाही’ म्हटले की विमान उभे राहील; एखाद्यास निघावयाचे झाल्यास त्याचा वाटा कोण, कोणत्या किमतीस घेईल; अपघातानंतर विम्याबाहेरची रक्कम कोणी सोसावयाची : ही चार कलमे नसतील तर भागीदारी करू नये. सख्ख्या चुलत भावांतही करू नये. आणि भागीदार सर्व उडणारे असावेत. न उडणारा भागीदार प्रत्येक खर्चास विरोध करतो, आणि विमानाच्या खर्चास विरोध करणे जिवावर बेतते.

आता बाईंना आमचे उत्तर. हे विमान कुटुंबाच्या सामाईक पैशातून घेऊ नये, आणि घर वा फौंड्री गहाण टाकून तर मुळीच घेऊ नये. कारण कामाचे साधन म्हणून ते टिकत नाही, आणि छंदाचा खर्च ज्याचा त्याने सोसावा हीच एकत्र कुटुंबात शांततेची वाट आहे. भावजींनी आपल्या वाट्याच्या नफ्यातून मुलास मदत करावी असे त्यांच्या मनात असेल, तर जाऊबाईंच्या संमतीने ती जरूर करावी. पण त्या रकमेतून पहिले वर्षभर त्याने बारामती किंवा धुळे येथे शिक्षकाच्या देखरेखीखाली तासाच्या हिशेबाने साठ-सत्तर तास उडावे, त्यांतील काही पावसाळ्याच्या दोन्ही टोकांस, आणि त्याच्यासारखे आणखी तिघे मिळतात काय ते पाहावे. वर्षअखेर तिघे मिळाले आणि उत्साह टिकला, तर चौथा हिस्सा घेण्यास आमची हरकत नाही. वर्षभरात तिघे न मिळाले, तर एकट्याने विमान पोसणे त्यास झेपणार नव्हते असे समजावे.

हेच विमान तोवर राहिले आणि त्याचाच आग्रह असला, तर सौदा करण्यापूर्वी विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला परवानाधारक अभियंता स्वखर्चाने नेऊन तपासणी करवावी. त्याने एक सिलिंडर उतरवून कॅमशाफ्ट डोळ्यांनी पाहावा, तेलाच्या गाळणीत धातूचा चुरा आहे काय ते पाहावे, आसनांचे रूळ मोजावे, पंखांच्या तुळईच्या जोडांपाशी गंज शोधावा, आणि १९७८ पासूनच्या सर्व नोंदवह्या एकही वर्ष न गाळता वाचाव्या. मधल्या तीन वर्षांत विमान छपराखाली होते की उघड्यावर, आणि इंजिन तेल भरून जपून ठेवले होते काय, याचे लेखी उत्तर मागावे. सिलिंडर उतरवू देण्यास विकणाऱ्याने नकार दिला, तर इसाराची रक्कम देऊ नये. कोल्हापूरच्या विमानतळावर छपराखालची जागा मिळेल काय आणि तेथे निळ्या पेट्रोलची काय सोय होईल, याची चौकशी मात्र पुतण्याने या आठवड्यातच स्वतः जाऊन करून यावी. त्या कामास विमान लागत नाही.